डावीकडचं वजन

१

मी खराडीतल्या एका कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधायच्या, त्या पुन्हा घडवून दाखवायच्या आणि लिहून पाठवायच्या, हे माझं काम. पुन्हा घडवता आली तर ती चूक. नाही आली तर बघणाऱ्याचा भास. आठ वर्षं हेच करतोय, म्हणून जे झालं ते त्याच क्रमानं सांगतो. पुन्हा घडवून मात्र दाखवणार नाही.

माझं नाव सौरभ वानखेडे. बिबवेवाडीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई राहतो. आई, नंदा वानखेडे, शहराच्या बसमध्ये कंडक्टर होती. अठरा वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी रिटायर झाली. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले.

आमच्याकडे भुताखेतांचा विषय कधीच नव्हता. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले आणि आल्याबरोबर त्यांनी घरातला देव्हारा उचलून बाहेर ठेवला. त्याच्याबरोबर बाकीचंही सगळं गेलं, असं आई सांगते. म्हणजे अंगारा, उतारा, नजर, यातलं काही आम्हाला येत नाही. तेव्हा त्याचा अभिमान वाटायचा.

रोज सकाळी पावणेसहाला उठून मी दीड तास गाडी चालवायचो. खरी नाही, खेळातली. आतल्या खोलीत टेबलाला स्टीअरिंग घट्ट बसवलेलं होतं आणि खाली ब्रेक-ॲक्सिलरेटरचे पेडल. ते सरकू नयेत म्हणून त्यांच्यामागे भिंतीला लावून एक फळी ठोकली होती. खुर्चीच्या डाव्या हाताला लागूनच माझा पलंग. ट्रॅक एकच, जंगलातून जाणारा, चौदा वळणांचा. गाडीही एकच, उजव्या बाजूला स्टीअरिंग असलेली जपानी. एक फेरी मारायला मला एक मिनिट चोपन्न सेकंद लागायचे. ऑफिसातला तेजस तीच फेरी एक एकोणपन्नासमध्ये मारायचा आणि ते रोज जेवताना सांगायचा.

एकदा तो माझ्या घरी आला आणि मागे उभा राहून माझ्या तीन फेऱ्या त्यानं बघितल्या.

"तू गाडी चालवत नाहीयेस, भांडी घासतोयस," तो म्हणाला. "किती हलवतोस ते स्टीअरिंग."

"मग काय करू?"

"ब्रेक एकदाच, सरळ रेषेत, जोरात. मग वळणात शिरताना तो हळूहळू सोडायचा. नजर वळणाच्या शेवटाकडे. आणि एक कर. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय असं समज. म्हातारं माणूस. त्याला धक्का बसता कामा नये. बघ कसे हात शांत होतात."

मी तसं समजायला लागलो. रोज सकाळी, फेरी सुरू करण्याआधी, डावीकडे कुणीतरी बसलंय असं मनात आणायचं आणि मग निघायचं.

आठवड्यात एक एक्कावन्नवर आलो.

२

या खेळात घोस्ट नावाची सोय असते. तुमची सगळ्यात जलद फेरी खेळ लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी ती एका अर्धपारदर्शक निळ्या गाडीच्या रूपात तुमच्यासमोर पळवतो. आपण कालच्या आपल्याशीच शर्यत लावतो. कुठे तो पुढे जातो, कुठे मागे पडतो, हे बघून शिकायचं.

सातव्या वळणानंतर एक लांब सरळ रस्ता आहे. डाव्या हाताला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे झाडं, मध्येच एक पिवळा बोर्ड. तिथे करण्यासारखं काहीच नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि श्वास घ्यायचा.

एका मंगळवारी माझ्यापुढची निळी गाडी त्या पिवळ्या बोर्डाजवळ जराशी डावीकडे झुकली. वेगही थोडा कमी झाला. मग ती पुन्हा मध्ये आली आणि निघून गेली.

मी असं केल्याचं मला आठवत नव्हतं. पण झोपेच्या डोळ्यांनी मारलेली फेरी, लक्षात राहिलं नसेल. पुढच्या फेरीत मी मुद्दाम लक्ष ठेवलं. सरळ गेलो, वेळ सुधारली, नवीन घोस्ट तयार झाला. त्या नवीन घोस्टनंही पिवळ्या बोर्डाजवळ वेग कमी केला. आता तो आधीपेक्षा जास्त डावीकडे गेला होता, अगदी कठड्याच्या कडेला. रिक्षावाला गिऱ्हाईक दिसल्यावर रिक्षा कडेला घेतो, तसा.

मी त्या फेरीची फाइल तेजसला पाठवली. दुपारी कॅन्टीनमध्ये त्यानं सांगितलं, "बघितली. बरी आहे. माणसात आलास."

"बोर्डापाशी काय करतोय मी?"

"काय करणार? सरळ जातोयस. फुल्ल थ्रॉटल."

"डावीकडे जातोय ना?"

त्यानं लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्याच्या स्क्रीनवर निळी गाडी त्या रस्त्यावरून रेषेसारखी सरळ गेली.

"तुझं ग्राफिक्स कार्ड गेलंय," तेजस म्हणाला. "किंवा डोळे. दोन्ही बदलून मिळतात."

मला हायसं वाटलं. एका मशीनवर दिसतं, दुसऱ्यावर दिसत नाही, म्हणजे दोष मशीनचा. असे शंभर रिपोर्ट मी स्वतः बंद केले आहेत.

३

त्यानंतर माझी वेळ फार लवकर सुधारत गेली. एक पन्नास. एक एकोणपन्नास पूर्णांक सहा. हात खरोखर शांत झाले होते. वळणात शिरताना गाडी पाण्यावरून सरकल्यासारखी वाटायची. मी तेजसच्या पुढे जाणार हे दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या आनंदात मी बोर्डाकडे दुर्लक्षच केलं असतं.

पण घोस्ट आता थांबायला लागला होता.

निळी गाडी बोर्डाजवळ कडेला यायची आणि पूर्ण थांबायची. मी तिच्या बाजूनं वेगानं पुढे निघून जायचो. ती मागे राहिली हे मला आरशात दिसायचं. आणि तरीही पुढच्या वळणावर ती माझ्यापुढेच असायची. जी गाडी चार-पाच सेकंद उभी राहते ती शर्यत कशी जिंकते, हे मला कळेना. मी वहीत आकडे मांडून पाहिले. ते सेकंद घड्याळात कुठेच नव्हते.

त्याच दिवशी चहा देताना आई म्हणाली, "मघाशी तीन हाका मारल्या. ऐकू येत नाही का?"

"कानाला हेडफोन होता."

"डोळ्यांनाही होता का? अगदी शेजारी येऊन उभी राहिले. ब्रेकवर पाय ठेवून बसला होतास नुसता."

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल खिडकीत उभा केला, असा की त्यात मी, माझे पाय आणि स्क्रीन तिन्ही दिसतील. रेकॉर्डिंग चालू करून सहा फेऱ्या मारल्या. माझ्या मते मी एकदाही थांबलो नाही.

ऑफिसला जायच्या आधी, बुटाची लेस बांधता बांधता, मी ते बघितलं.

पहिल्या फेरीत सातवं वळण झालं, सरळ रस्ता आला आणि माझा उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर गेला. घाई नव्हती. गाडी कडेला येऊन थांबली. स्क्रीनवरचं घड्याळ थांबलं. वर पंखा फिरत होता, खिडकीत पडदा हलत होता, खालून दूधवाल्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला, फक्त ते घड्याळ एका आकड्यावर उभं होतं. मी डावीकडे मान वळवली. पलंगाकडे. मग खुर्चीत थोडा उजवीकडे सरकलो, बाकावर शेजारी कुणी बसायला आलं की आपण सरकतो ना, तसा. आणि किंचित मान हलवली.

अकरा सेकंद. मग पुन्हा पाय ॲक्सिलरेटरवर.

सहाही फेऱ्यांत तेच. दरवेळी मी सरकलो होतो. सहाव्या फेरीच्या शेवटी मी खुर्चीच्या उजव्या हाताला पार चिकटून बसलेलो होतो आणि मला त्याची कल्पनाही नव्हती.

मी ते तेजसला दाखवायचं ठरवलं होतं. खराडीला पोचेपर्यंत ते रेकॉर्डिंग मी काढून टाकलं होतं. ते खिशात असताना बाइक चालवणं मला जमेना.

४

चार दिवस मी खेळलो नाही. सकाळी पावणेसहाला जाग यायची, मी डोळे मिटून पडून राहायचो. पाचव्या दिवशी स्वतःला समजावलं की झोप कमी पडली की माणसाला असे क्षणभराचे झटके येतात, डॉक्टरला दाखवू. शंका आहे तर तपासून बघ, असंही म्हटलं. आणि तेजसचा आकडा फक्त सहा दशांश दूर होता. हेही होतंच.

गाडी सुरू केल्याबरोबर जाणवलं की ती डावीकडे ओढतेय.

स्टीअरिंगमध्ये मोटर असते, रस्त्याचा भार हाताला कळावा म्हणून. तो भार आता सारखा डावीकडे होता. उजव्या वळणावर गाडी डावीकडे जास्त झुकायची. पुढे पळणारी निळी गाडीही तशीच, डाव्या चाकांवर दबलेली. मी सेटिंग बघितली. काही बदललं नव्हतं. या खेळात शेजारच्या सीटवर माणूस बसवायची सोय नाही.

डावीकडे बघण्यासाठी स्टीअरिंगवर एक बटण आहे. ते दाबलं की शेजारची सीट दिसते. टेस्टर म्हणून मी ते दाबायला हवं होतं. अंगठा त्याच्यावर ठेवला होता. नाही दाबलं.

ती फेरी एक अठ्ठेचाळीस पूर्णांक नऊची झाली. तेजसच्या पुढे. मला काहीच वाटलं नाही. मी हेडफोन काढला आणि खोलीतल्या शांततेत पलंगाची स्प्रिंग वाजली. एकदाच. वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर टाकल्यावर वाजते तशी.

मी डावीकडे न बघता उठलो आणि बाहेरच्या खोलीत गेलो. थोड्या वेळानं आई आत गेली. चादर झटकल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा पदराला हात पुसत होती.

"आज रविवार," ती म्हणाली. "गाडी काढ. जरा बाहेर जाऊ. खडकवासल्याला."

५

गाडी घेऊन तीन महिने झाले होते. पांढरी, छोटी. आमच्या घरातली पहिली चारचाकी. आई नेहमी पुढे बसायची. इतकी वर्षं दुसऱ्यांना सीटवर बसवलं, आता मी खिडकीशी बसणार, असं ती म्हणायची.

त्या दिवशी तिनं पुढचं डावं दार उघडलं. दोन-तीन सेकंद उभी राहिली. दार लावलं आणि मागे जाऊन बसली.

"मागे का गं?"

"मागेच बरं आहे."

मी किल्ली फिरवली आणि बेल्टची घंटी वाजायला लागली. पुढच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही तर वाजते ती. सीटवर काही नव्हतं. पिशवी नाही, बाटली नाही. हात लावून बघितलं असतं तर खात्री झाली असती. घंटी वाजत राहिली.

"त्या सीटचा बेल्ट लाव," आई मागून म्हणाली.

"कुणाला लावू?"

"लाव. म्हणजे वाजायचं थांबेल."

मी हात लांब करून पट्टा ओढला आणि खाली अडकवला. घंटी थांबली. पट्टा आपोआप आखडत गेला आणि मध्येच थांबला. रिकाम्या सीटवर तो पाठीला चिकटून बसतो. हा सीटपासून वीतभर पुढे होता. पट्ट्याच्या आणि सीटच्या मधल्या जागेतून पलीकडचं दार दिसत होतं.

अडकला असेल, मी मनात म्हणालो. नवी गाडी, पट्टा कडक असतो. सिंहगड रोडला गर्दी होती, सिग्नल होते, भाजीच्या गाड्या होत्या, आणि इतक्या माणसांत ती भीती थोडी खोटीही वाटायला लागली. धरण मागे पडलं. भजी, कणसं, फोटो काढणारी माणसं, सगळं मागे पडलं. पानशेतच्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला पाणी, आणि एकामागून एक वळणं.

मी नीटच चालवत होतो. फार वेगात नव्हतो, साठच्या आसपास असेन. ब्रेक सरळ रेषेत, वळणात शिरताना सोडत जायचा, नजर वळणाच्या शेवटाकडे. सवयीनं होत होतं.

दारावर, छताला, धरायची मूठ असते. स्प्रिंगची. ओढली की खाली येते, सोडली की टक्कन वर जाऊन बसते. तिसऱ्या वळणावर डावीकडची मूठ खाली आली. वळण संपलं, ती टक्कन वर गेली.

मी समोर बघत राहिलो. चौथं वळण. मूठ खाली आली आणि तशीच राहिली, ताणलेली, जरा थरथरत. धरणारा जितकी घट्ट धरेल तितकी. पुढचं वळण लागूनच होतं. मूठ वर गेलीच नाही.

"सौरभ," आई अगदी हळू आवाजात म्हणाली, "वळणावर सावकाश घे. ते घाबरतंय."

मी वेग कमी केला. चाळीस, तीस, वीस. मूठ हळूहळू वर गेली.

मी गाडी कडेला घेतली आणि बाहेर पडलो. आईही उतरली. आम्ही गाडीपासून दहा पावलांवर पाण्याकडे तोंड करून उभे राहिलो.

"तुला कधीपासून माहितीये?"

"आठ-दहा दिवस. तू सकाळी उठून बाहेर आलास की तुझ्या गादीवर खड्डा असायचा. काठाशी, पाय खाली सोडून बसल्यावर पडतो तसा. मी चादर झटकायचे. आज झटकली तर खड्डा गेला नाही."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बघायला गेला असतास. तुझा स्वभावच तो." तिनं दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले होते. ती घाबरली की काम काढते, बोलत नाही. तिला असं उभं राहिलेलं मी फक्त बाबांच्या वेळी बघितलं होतं. "कुठून घेतलंस त्याला?"

मी सांगितलं. खेळ, बोर्ड, अकरा सेकंद. आपल्या आईला हे सांगताना मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

"मग तिथेच सोडून ये," आई म्हणाली. "आजच. मी असते तुझ्याजवळ."

६

परत येताना मी वीसच्या वर गेलो नाही. मागचे हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते. बिल्डिंगखाली आल्यावर मी पुढचं डावं दार उघडून धरून ठेवलं. किती वेळ धरायचं ते कळेना. मग गाडी जराशी वर उचलल्यासारखी झाली आणि मी दार लावलं. लिफ्टमध्ये मी आणि आई, दोघंही एकाच बाजूला उभे राहिलो.

दुपारचे तीन वाजले होते. आईनं आतल्या खोलीची खिडकी उघडली, ट्यूब लावली, पंखा बंद केला. मग ती माझ्या मागे दारात उभी राहिली. पलंगाच्या काठाशी चादर खोलगट झाली होती. ती तशी होताना मी बघितली नाही.

मी फेरी सुरू केली. निळी गाडी निघून गेली, तिला जाऊ दिलं. इतके दिवस जे शिकलो त्याच्या उलट करायचं होतं. तीसच्या वेगानं, प्रत्येक वळण रुंद घेत, हात हलके ठेवून. इंजिन गुरगुरत होतं. सात वळणांना चार मिनिटं लागली.

सरळ रस्ता आला. कठडा, झाडं, पिवळा बोर्ड. मी स्वतः, जागेपणी, पहिल्यांदाच तिथे थांबलो.

घड्याळ थांबलं. स्टीअरिंगमधला भार डावीकडे तसाच होता. मी मोजत राहिलो. सात, आठ, नऊ. दहाव्या सेकंदाला स्टीअरिंग माझ्या हातात अलगद सरळ झालं. गाडी डाव्या बाजूनं वर आली. पलंगाची स्प्रिंग वाजली.

"चादर सपाट झाली," आई म्हणाली. "निघ आता."

मी निघण्याआधी आरशात बघितलं. सवय. निघताना आरसा बघायचा, हे गाडी शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं असतं.

बोर्डाजवळ एक उभं होतं. त्याच्या मागे, कठड्याला लागून, आणखी. अंतरा-अंतरानं, ओळीत, वळणापर्यंत. कपडे नाहीत, चेहरे नाहीत, त्या खेळातली झाडं लांबून दिसतात तशी करडी, माणसाच्या उंचीची. प्रत्येकाचा एक हात वर होता. गाडी थांबवायला करतो तसा.

मला ॲक्सिलरेटर दाबायचा होता. पाय ब्रेकवर होता. मी पायाला सांगत होतो आणि तो माझा नसल्यासारखा तिथे पडला होता.

स्टीअरिंग पुन्हा डावीकडे ओढलं गेलं. मग गाडी मागून खाली बसली. आरशातली ओळ पुढे सरकली.

"सौरभ," आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "गादी. काठाला. उशीकडेपण."

"पाय हलत नाहीये."

ती धावत आली, टेबलाखाली वाकली आणि तिनं भिंतीतला प्लग उपटला.

स्क्रीन काळी झाली. काळ्या काचेत ट्यूबचा उजेड होता, माझा चेहरा होता, आणि डावीकडे पलंगाची बाजू. मी डोळे मिटले. आईनं माझ्या डोक्यावरून हात घेतला, माझं तोंड तिच्या पोटाशी दाबून धरलं, आणि आम्ही तसेच राहिलो. मी स्प्रिंगचे आवाज ऐकत होतो. एक वाजली. थोड्या वेळानं दुसरी. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक, किंवा ती खालच्या मजल्यावर असेल.

"किती उतरले?" मी विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली. "किती चढले ते कुठे बघितलं मी."

७

स्टीअरिंग आणि पेडल मी पोत्यात घालून माळ्यावर टाकले. विकले नाहीत. पलंग मात्र काढून टाकला. आता मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपतो. आतल्या खोलीत आम्ही कपडे वाळत घालतो. तेजसनं विचारलं, तेव्हा कंटाळा आला म्हणालो. माझी फेरी अजून त्याच्या वर आहे, ते त्याला सलतं.

गाडीतली घंटी पुन्हा वाजली नाही. पट्टा सीटला नीट चिकटतो. तरी आई मागेच बसते, आणि मी गाडी कधीही, कुणासाठीही, मध्ये थांबवत नाही. सिग्नलला थांबतो, तेव्हा दारं आतून लॉक असतात.

परवा दुपारी आम्ही मावशीकडे वाघोलीला निघालो होतो. बाराचं ऊन होतं. खराडीच्या पुढे एका मोकळ्या जागी रस्त्याच्या डाव्या कडेला एक बाई उभी होती. हात वर. तिच्या पायाशी स्कूटर आडवी पडलेली होती, एक चप्पल रस्त्याच्या मध्यात. आसपास दुसरं कुणी नव्हतं.

मी नजर लांब ठेवली, रस्त्याच्या शेवटाकडे. स्टीअरिंग हललं नाही. आम्ही तिच्या बाजूनं गेलो तेव्हा ती काहीतरी ओरडली. काचा बंद होत्या.

आई मागच्या काचेतून बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"तिच्या कपाळातून रक्त येतंय," ती म्हणाली. "स्कूटरखाली मूल आहे, सौरभ."

मी आरशात बघितलं नाही.

"ती खरी होती रे," आई म्हणाली. पण थांब म्हणाली नाही.

ॲक्सिलरेटरवरचा पाय या वेळी माझाच होता. कुणी धरलेला नव्हता, सहज उचलता आला असता. मी तो उचलला नाही.